अर्ध्या सुराची तूट

बाजारातले दुकानदार तिला पाठीमागे ‘काटा’ म्हणत आणि समोर ‘या ताई, बसा.’ वजनमापे खात्यात सव्वीस वर्षं तिने एकच काम केलं होतं. मखमलीचे खण असलेल्या लाकडी पेटीतून पितळी वजनं चिमट्याने उचलायची, दुकानातल्या तराजूत ठेवायची आणि तराजू खोटं बोलतोय का ते बघायचं. वजनांना ती कधी बोट लावत नसे. हाताच्या घामालाही वजन असतं, हे ती दुकानदारांना अशा काही आवाजात सांगे, की त्या बिचाऱ्यांना जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या तळव्यांची लाज वाटे. “ताई, कालपर्यंत बरोबर होता हो” हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं होतं, की समोरच्याने तोंड उघडायच्या आत तिची पावती फाडून तयार असे.

हे टोपणनाव बाजारातून ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर केव्हा चढलं ते कुणाला आठवत नाही. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी चौतीस माणसांचा गायकवृंद जमे, आणि तिथे मात्र ते नाव मानाचं होतं. वृंद चालवणाऱ्या मास्तरांचा वाद्यांवर राग होता. पेटी आली की गळे आळशी होतात, असं त्यांचं मत होतं आणि ते दर आठवड्याला एकदा तरी ऐकावं लागे. मग गाणं सुरू करायला सूर कोण देणार? तर काटा. तिला जन्मतःच सूर ओळखू येत. पेला आपटला, बिजागरी करकरली, कुणी शिंकलं, तरी ती मान वर न करता पेटीवरची पट्टी सांगे, “काळी दोन.” मास्तर हात उचलायच्या आधी एकदा तिच्याकडे बघत, ती ओठ न उघडता एक सूर गुणगुणे, आणि तेहतीस गळे मुकाट्याने त्याच्या मागे जात. असं बावीस वर्षं चाललं होतं.

आता एक गोष्ट तिला नीट ठाऊक होती आणि तिने ती कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती. तिचा स्वतःचा आवाज बेताचा होता. दिवाणखान्यात चालेल, रंगमंचावर सहन होईल, इतपत. मधल्या आवाजाच्या बायकांची रांग वर्षानुवर्षं भरलेली होती आणि बाहेर चार जणी ताटकळत होत्या. मास्तरांनी तिला घेतलं होतं ते कानासाठी. सूर देणं काढून घेतलं, तर वृंदात ठेवावं असं तिच्याकडे काही उरत नव्हतं. आणि वृंद नसता तर मंगळवार आणि शुक्रवार हे दोन वार कशासाठी असतात, हेही तिला सांगता आलं नसतं.

अशात परदेशाचं आमंत्रण आलं. दोन आठवडे, तीन कार्यक्रम. पहिला एका छोट्या गावात, पुढचे दोन एका मोठ्या शहरातल्या दगडी सभागृहात.

विमानतळावर उतरल्या उतरल्या घोषणेआधीची दोन सुरांची घंटी वाजली आणि काटा थबकली.

“काय गं?” बँकवालीने विचारलं. ही तिची शेजारीण, रांगेतही आणि आता हॉटेलच्या खोलीतही.

“चढी आहे. अर्ध्या सुराने.”

“काय चढी आहे?”

“घंटी. असले सूर जोडून कुणी लावत नाही. दोन्ही चढे आहेत.”

मग हॉटेलातली लिफ्ट चढी निघाली. रस्ता ओलांडायच्या खांबावरची पिपाणी चढी निघाली. न्याहारीच्या खोलीत कोपऱ्यात एक पियानो होता, त्यावर कुणी तरी पाहुणा दोन बोटांनी काही वाजवत होता, तोही चढा. काटाने हे सगळं बसमध्ये जाहीर केलं तेव्हा लोकांना फार आनंद झाला. परदेशात काही तरी चुकीचं सापडणं ही प्रवाशाची मूलभूत गरज असते.

“इथले जिने चढे, पारा तेवढा उतरलेला,” मागच्या बाकावरून औषधवाले म्हणाले. ते खर्जाच्या रांगेतले सगळ्यात खोल गळ्याचे गृहस्थ होते. निदान सहा महिन्यांपूर्वीपर्यंत होते. हल्ली त्यांचे खालचे दोन सूर गेले होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचे तीन हेलपाटे झाले होते, थंड पाणी सोडलं होतं, आणि स्वतःच्याच दुकानातल्या औषधांवरचा विश्वासही जवळजवळ सुटला होता. उलट वरच्या आवाजाच्या बायकांची त्याच सहा महिन्यांत भरभराट चालली होती. पूर्वी जिथे त्यांच्या मानेच्या शिरा ताठत तिथे त्या आता हसत हसत पोचत. मास्तर याचं श्रेय श्वासाच्या व्यायामाला देत.

पहिला कार्यक्रम छान झाला. सोबत वाद्य नव्हतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्याला ऑर्गन होता. भिंतभर उंच, घराएवढा, नळ्याच नळ्या. यजमानांच्या आग्रहाखातर मास्तरांनी वाद्यावरचा राग एका गाण्यापुरता गिळला होता. ठरलं असं, की वृंदाने आधी सोळा ओळी एकट्याने गायच्या आणि सतराव्या ओळीला ऑर्गनने यायचं. तालीम दुपारी होती, पण बस रस्त्यात दोन तास बसून राहिली. त्यामुळे तालमीत एवढंच झालं, की कोणी कुठे उभं राहायचं आणि किती वाकायचं. ऑर्गन वाजवणारे आजोबा सत्तरीचे, बारीक चणीचे, त्यांनी लांबूनच मान हलवून सगळ्यांना नमस्कार केला आणि आपल्या बाकावर जाऊन बसले.

सोळा ओळी वृंद असा गायला, की मास्तरांच्या चेहऱ्यावर बावीस वर्षांत न दिसलेला एक भाव आला. मग ऑर्गन आला.

जे झालं त्याला ‘बेसूर’ म्हणणं म्हणजे घर कोसळण्याला ‘पोपडे उडाले’ म्हणण्यासारखं आहे. दोन्ही बाजू स्वतःपुरत्या अगदी बरोबर होत्या, मधे फक्त अर्ध्या सुराची फट होती, आणि त्या फटीतून असं काही तरी बाहेर आलं, की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी कानांवर हात नेले आणि मग सभ्यतेने केस सावरल्यासारखं केलं. मास्तरांचा हात हवेत राहिला. वरच्या आवाजाच्या बायकांतल्या निम्म्या ऑर्गनच्या सुराकडे गेल्या, निम्म्या आपल्या सुरावर राहिल्या. औषधवाले गायचे थांबले आणि छताकडे बघू लागले. चार ओळींनी ऑर्गन थांबला, वृंद कसाबसा एकटाच शेवटाला पोचला, आणि टाळ्या वाजल्या. आजारी माणसाला भेटून निघताना हलक्या हाताने पाठीवर थोपटतात, तशा.

रंगमंचामागे सगळे गोळा झाले. मग बँकवालीनेच तोंड उघडलं. “काटे, तू तर पहिल्या दिवसापासून सांगत होतीस! इथलं सगळंच चढं आहे.”

आणि सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. अर्थात! ऑर्गन चढा होता! यजमान समितीचे चिटणीस धावत आले. ऑर्गनची दुरुस्ती रखडली होती हे खरं होतं, त्यामुळे त्यांना दोषी वाटायला फार प्रयास पडले नाहीत. त्यांनी तोंडी माफी मागितली, मग लेखी आणून दिली. तीन दिवसांनी त्याच सभागृहात शेवटचा कार्यक्रम होता. त्यातून ऑर्गन रद्द झाला, आणि ऑर्गनवाले आजोबाही. ते चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत होते आणि तो शेवटचा कार्यक्रम त्यांच्या निरोपाचा होता, हे दुभाष्या बाईंनी जाता जाता सांगितलं. आजोबा कोपऱ्यात कोट चढवत होते. एक शब्द बोलले नाहीत. काटाकडे मात्र त्यांनी एकदा बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच तिला खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सभागृहाकडे निघाली. हेतू चांगला होता. ऑर्गन नेमका किती चढा आहे, सगळ्या पट्ट्यांत सारखाच आहे की काही पट्ट्यांतच, हे मोजून एक टिपण द्यावं, म्हणजे दुरुस्ती लवकर होईल आणि म्हाताऱ्यावरचा ठपका जाईल. थोडक्यात, ती परदेशात तपासणीला निघाली होती. सोबत दुभाष्या बाईंना घेतलं. या बाई तिथल्याच, पण आपल्याकडच्या माणसाशी लग्न झालेलं, आणि भाषा शिकल्या होत्या त्या सासूकडून. त्यामुळे त्यांचं व्याकरण निर्दोष होतं आणि प्रत्येक वाक्य रागावल्यासारखं.

“चला, पाय उचला,” त्या हॉटेलच्या दारात म्हणाल्या. “किती वेळ घोळ घालायचा माणसाने?”

आजोबा ऑर्गनपाशीच होते, बाकाखालची आपली पुस्तकं पिशवीत भरत. काटाने हेतू सांगितला. बाईंनी तो भाषांतरित केला. आजोबांनी जरा विचार केला, खण उघडला, आणि शाळेत विज्ञानाच्या तासाला दाखवतात तसा एक नादकाटा काढून गुडघ्यावर आपटला.

“पांढरी सहा यायला हवी,” काटा म्हणाली. “ही काळी पाच येतेय. हाही चढाच आहे. दुसरा आहे का?”

दुसरा होता. वेगळ्या कारखान्याचा. तोही चढा. तिसरा फार जुना होता, त्याच्या दांड्यावर गंज होता. आजोबांनी तो तिच्याच हातात दिला. तिने आपटला, कानाशी नेला.

काळी पाच.

नादकाटा म्हणजे पोलादाचा तुकडा. तो चढत नाही, उतरत नाही, त्याला दमट हवा लागत नाही, त्याची दुरुस्ती रखडत नाही. तीन ठिकाणचे तीन तुकडे एकच सांगत होते. लिफ्ट तेच सांगत होती, खांबावरची पिपाणी, न्याहारीचा पियानो, विमानतळ. सगळे खोटे आणि मी एकटी खरी. हे वाक्य तिच्या डोक्यात पूर्ण तयार झालं, आणि ते कुणाचं आहे हे तिला लगेच ओळखू आलं. बाजारपेठेतल्या यच्चयावत दुकानदारांचं.

ती बाकावर बसली. कानात रक्ताचा आवाज येत होता. तो कोणत्या पट्टीत आहे हे बघायची तिची हिंमत झाली नाही.

आजोबा हळूहळू काही तरी बोलू लागले. दुभाष्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“ते म्हणतात, रडायचं नाही. पन्नाशीनंतर असं होतं. ज्यांना जन्मतः सूर कळतो, त्यांचा कान घसरतो. जग चढल्यासारखं वाटतं. त्यांचंही झालं, त्रेपन्नाव्या वर्षी. तेव्हापासून खिशात काटा ठेवतात.”

“मग काल बोलले का नाहीत?”

बाईंनी विचारलं. आजोबांनी खांदे उडवले.

“म्हणतात, पाहुण्या बाईला चारचौघांत कसं सांगायचं? तुम्ही दिलेला सूर ऐकला तेव्हाच त्यांना कळलं होतं. वाजवताना खाली उतरून घ्यायला बघत होते, पण हात म्हातारे आहेत, इतक्या झटकन नाही जमलं. आता पाणी प्या बघू. प्या म्हणते ना.”

हॉटेलवर येऊन तिने घरी फोन लावला.

“अहो, आपल्या दाराची बेल आठवते? चढी झाली म्हणून बदलली ती?”

“आठवते की. दोनदा बदलली,” नवरा म्हणाला. “दुसरीही तशीच वाजते म्हणालीस. आणि कुकरच्या दोन शिट्ट्या.”

“तुम्हाला काय वाटलं होतं?”

“मला काय वाटणार? मला सगळ्या सारख्याच ऐकू येतात.” मग म्हणाला, “वायरमन म्हणाला होता, बाईंचं काही तरी बिघडलंय. मी त्याला झापलं.”

आता प्रश्न साधा होता. गप्प बसलं तर काहीच बिघडत नव्हतं. ऑर्गन चढा असल्याचं लेखी होतं. शेवटच्या कार्यक्रमात ऑर्गन नव्हताच. ती सूर देणार, सगळे अर्धा सूर खाली गाणार, लोक उभं राहून टाळ्या वाजवणार, आणि घरी गेल्यावर पुढे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागला नसता. फक्त एक म्हातारा निरोपाशिवाय पिशवी भरून घरी गेला असता, आणि वृंद दरवर्षी आणखी थोडा उतरत गेला असता. खात्याची स्वतःची वजनंही दर दोन वर्षांनी मुख्य प्रयोगशाळेत जात. तीही झिजतात. तो अर्ज तीच भरत असे. स्वतःला कुठे पाठवावं हे मात्र कुठल्या नियमावलीत नव्हतं.

दुपारी जेवणाच्या खोलीत सगळे जमले तेव्हा ती उभी राहिली. काही सुटू नये म्हणून तिने हॉटेलच्या चिठ्ठ्यांवर आधीच लिहून काढलं होतं, आणि तिला लिहायची एकच पद्धत येत होती.

“तपासणीअंती असे आढळून आले,” तिने वाचायला सुरुवात केली, “की सभागृहातील ऑर्गन प्रमाणित असून, सूर देणाऱ्या व्यक्तीच्या कानात अर्ध्या सुराची तूट आहे. सदर तूट किमान सहा महिने जुनी असावी. या काळात वृंदाने गायिलेली सर्व गाणी—”

“थांबा, थांबा,” मास्तर म्हणाले. त्यांचा चमचा वाटीत पडला. “कुणाच्या कानात?”

“माझ्या.”

बाहेर लिफ्टची घंटी वाजली.

“छे, काहीतरीच!” वरच्या आवाजातल्या एक बाई उसळल्या. “म्हणजे आम्ही सहा महिने खाली गातोय? मी वरचा सूर किती सहज घेते आता! मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं!”

“तो वरचा सूर नव्हता,” काटा म्हणाली. “त्याच्या खालचा होता.”

“मी नाही मानत. ऑर्गनच चढा आहे. लेखी दिलंय त्यांनी!”

“एक मिनिट.” औषधवाले सावकाश उठले. नॅपकिन गळ्यातच होता. “ताई, अर्धा सूर खाली म्हणालात ना? म्हणजे मी जो सूर शोधत होतो तो… मुळात गाण्यात नव्हताच?”

“नव्हता.”

“म्हणजे माझा घसा ठीक आहे?”

“घशात काही दोष दिसत नाही.”

“सहा महिने!” औषधवाले गरजले, आणि तो आवाज इतका खोल निघाला की त्यांचे तेच चकित झाले. “तीन वेळा नळी घातली माझ्या नाकात! काटाताई, तुमचं… तुमचं मी काय करू!” मग त्यांनी शेजारच्याचा ग्लास उचलला, त्यातलं बर्फाचं पाणी घटाघटा प्यायलं आणि खाली बसले.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “श्वासाचे व्यायाम,” ते स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, “समितीला फोन करा. आजोबांना बोलवा. सूर तेच देतील.”

“आणि मी?” हे तिने विचारलं नाही. विचारायला गेली, पण मास्तर उठून गेले होते.

त्या रात्री बँकवाली कुशीवर वळून म्हणाली, “मला सांगायचंस ना आधी.”

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

“गप्प बस म्हटलं असतं.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

शेवटच्या कार्यक्रमाच्या दिवशी, नेहमीप्रमाणे, उभं राहायच्या जागांचा कागद रंगमंचामागच्या दाराला लावला गेला. काटाने तो लांबून बघितला. मग जवळून बघितला. पहिल्या रांगेतल्या टोकाच्या जागी, जिथे बावीस वर्षं ती उभी राहत होती, दुसऱ्याच बाईचं नाव होतं. तिचं बोट खाली खाली सरकत गेलं. पहिली रांग संपली. दुसरी रांग: मधला आवाज एक; मधला आवाज दोन, बँकवाली, तीही मागे आलेली; मधला आवाज तीन. तिसऱ्याला तिचं नाव होतं, मास्तरांच्या घाईच्या अक्षरात. दोनदा वाचूनही ते तिथेच राहिलं.

“बघितलंत?” मागून मास्तर म्हणाले. “गाता येईल ना? सगळं अर्धा सूर वर वाटणार तुम्हाला. शब्दाशब्दाला.”

“ठाऊक नाही,” ती म्हणाली. ते खरं होतं.

सभागृह भरलं. आजोबांनी निरोपाचा काळा कोट घातला होता. मास्तरांनी हात उचलायच्या आधी, सवयीने, टोकाच्या जागेकडे बघितलं, मग दचकून ऑर्गनकडे. तिथून एकच मऊ सूर आला. हातातल्या गाण्याच्या कागदावर पांढरी पाच लिहिली होती. कानाने ताबडतोब निकाल दिला: काळी चार. डोळे एक सांगत होते, कान दुसरं. तिने कागद मिटला. आता तिच्याजवळ ना कागद होता ना कान, फक्त उजवीकडे बँकवालीचा खांदा आणि तिच्या गळ्यातून निघणारा सूर. तिने तो धरला. जिन्याला कठडा नसला की माणूस पुढच्याच्या पाठीवर हात ठेवून चढतो, तशी ती एकेक ओळ चढत राहिली. प्रत्येक शब्द चुकीचा वाटत होता आणि प्रत्येक शब्द बरोबर पडत होता.

सोळाव्या ओळीला तिचे खांदे वर गेले. सतराव्या ओळीला ऑर्गन आला.

काही झालं नाही. कुठे काही आदळलं नाही, फट पडली नाही. ऑर्गन वृंदाखाली असा शिरला, जसा खूप वेळ उभ्या असलेल्या माणसाखाली कुणी खुर्ची सरकवावी. खर्जाच्या रांगेतून औषधवाल्यांचा खालचा सूर, हरवलेला, जमिनीतून यावा तसा आला. बावीस वर्षं तिला वाटत होतं की ही इमारत आपल्या एका सुरावर उभी आहे. तो सूर काढून घेतला होता, आणि इमारत नुसती उभी नव्हती, एक मजला वर गेली होती. ती ऐकतच राहिली. गायची राहिली.

उजवीकडून बरगडीत कोपर बसलं.

“काटे,” बँकवाली दोन ओळींच्या मधल्या श्वासात पुटपुटली, “तोंड उघड.”

तिने उघडलं.